जुना सिंथेसायझर कीं नवा?

संसारांतील कांहीं प्रश्न दिसावयास अगदीं लहान असतात. परंतु ते सोडवावयास बसलें म्हणजे घरांतील प्रत्येक माणूस त्यांत कोठें ना कोठें गुंतलेला आहे असें आढळून येतें. गेल्या गणेशोत्सवानंतर आमच्या घरीं असाच एक प्रश्न उपस्थित झाला. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकतो, व उरलेल्या वेळांत संगीतरचना करतो. आजवर संगणकावर त्याचें भागत असे. आतां त्यास स्वतःचा सिंथेसायझर हवा आहे. शिकवण्या करून त्यानें कांहीं रक्कम सांठविली आहे, पण मनांत असलेलें वाद्य तेवढ्यांत येत नाहीं. इकडे आमच्या माळ्यावर बंधूंनीं १९८३ सालीं घेतलेला जपानी बनावटीचा ॲनालॉग सिंथेसायझर वीस वर्षें मुका पडलेला. असलीं जुनीं वाद्यें हल्लीं मोठ्या किंमतीस जातात, असा शोध चिरंजीवांनीं लावला. तेव्हां प्रश्न असा, कीं घरचें जुनें वाद्य दुरुस्त करून मुलाच्या हातीं द्यावें, कीं तें विकून त्या पैशांत नवें घ्यावें?

घरांत तत्काळ दोन पक्ष झाले. मुलाचे वडील जुन्याच्या बाजूचे. आम्ही स्वतः नव्याच्या. बंधु म्हणाले, "विकून टाका, माझें काय अडलें आहे?" आणि हें त्यांनीं इतक्या झटपट म्हटलें कीं तें खरें वाटेना. भावजय मात्र कांहींच बोलली नाहीं. तिच्या मौनाचें कारण आम्हां वडीलधाऱ्यांस ठाऊक होतें. हें वाद्य आलें त्या काळीं परदेशी मालावर जबर जकात असे, आणि त्याची किंमत भागविण्यासाठीं तिच्या पाटल्या गेल्या होत्या. बंधूंनीं बँकेंतील कायमची नोकरी सोडून ऑर्केस्ट्रांत वाजविण्याचा निश्चय केला तेव्हां त्यास घरांतून सर्वांत मोठा विरोध आमचाच होता, हेंहि येथेंच सांगून ठेवतों.

पूर्वीं घरोघर बाजाची पेटी असे; आज पुष्कळ घरांत तिच्या जागीं विजेचें कीबोर्ड आलें आहे, आणि त्याच्या पुढची पायरी चढूं पाहणारीं मुलेंहि थोडीं नाहींत. तेव्हां या निमित्तानें आम्हीं जी माहिती मिळविली ती वाचकांसहि उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. पेटींत भात्याची हवा पितळी पट्टीस कांपविते व त्या कंपांतून स्वर निघतो. ॲनालॉग सिंथेसायझरमध्यें हवेचें कामच नाहीं. तेथें खुद्द विजेचा प्रवाहच आंदोलित केलेला असतो. एक मंडल हें आंदोलन उत्पन्न करतें. त्याचा आकार करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी असल्यामुळें त्यांत मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर भरलेले असतात. दुसरें मंडल, ज्यास फिल्टर म्हणतात, त्यांतील नको ते उपस्वर गाळून टाकतें; आणि तिसरें मंडल आवाजाची उठावणी व उतरण ठरवितें. अमेरिकेंत रॉबर्ट मोग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्यानें १९६४ सालीं असें पहिलें यंत्र तयार केलें. मोग यांच्या यंत्रांची खुबी ही, कीं त्यांतील सर्व क्रिया विद्युद्दाबाच्या ताब्यांत असत; दाब एक व्होल्टनें वाढविला कीं स्वर बरोबर एक सप्तक वर चढे. डिजिटल वाद्यांत मात्र प्रवाहाचें आंदोलन आरंभीं नसतेंच. तेथें ध्वनीचा आकार आंकड्यांनीं मांडलेला असतो, सेकंदास चाळीस हजारांहून अधिक आंकडे या वेगानें. आणि अगदीं शेवटीं त्या आंकड्यांचा प्रवाह बनवून तो कर्ण्याकडे धाडला जातो.

या वाद्यांचा इतिहास फार जुना नाहीं. परंतु त्यांत भाग्याचे फेरे पुष्कळ आहेत. १९७० सालीं निघालेला 'मिनीमोग' तीन आंदोलकांचा असूनहि एका वेळीं एकच स्वर वाजवी. १९७८ सालीं डेव्ह स्मिथ यांच्या 'प्रॉफेट-५' नें एकदम पांच स्वर दिले, आणि बनविलेला आवाज स्मरणांत सांठवून पुन्हां हवा तेव्हां काढण्याची सोयहि दिली. मग १९८३ सालीं यामाहाचा 'डीएक्स-७' आला. जॉन चाउनिंग यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत शोधून काढलेल्या रीतीवर तो चाले व सर्वस्वीं डिजिटल होता. लाखाहून अधिक नग खपले; आणि कालपर्यंत ज्यांचा तोरा होता त्या ॲनालॉग वाद्यांस गिऱ्हाईक मिळेनासें झालें.

रोलंड कंपनीच्या 'टीबी-३०३' या पेटीची कथा तर या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. एकट्यानें गिटार वाजविणाऱ्यास बास गिटारची साथ मिळावी, या हेतूनें ती १९८१ च्या अखेरीस निघाली. पण तिचा आवाज बास गिटारसारखा मुळींच नव्हता. १९८४ पर्यंत ती बंद पडली व जुन्या बाजारांत मिळेल त्या किंमतीस विकली जाऊं लागली. शिकागोंतील तरुणांनीं ती स्वस्त म्हणून घेतली, तिचे नॉब वाटेल तसे पिळले, आणि १९८७ सालीं 'ॲसिड ट्रॅक्स' या ध्वनिमुद्रिकेंतून एका नव्या नृत्यसंगीताचा जन्म झाला. त्यानंतर त्याच टाकाऊ पेटीस सोन्याचा भाव आला. त्याहि आधीं, १९८२ सालीं, मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांनीं हीच पेटी व त्याच कंपनीचीं आणखी दोन यंत्रें घेऊन नृत्याच्या ठेक्यावर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली होती. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची जी सोय त्या पेटींत होती, तींत त्यांच्या कानास मींडेचा भास झाला असल्यास नवल नाहीं. त्या वेळीं तिची फारशी दखल कोणीं घेतली नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली तेव्हां जाणकार थक्क झाले. तात्पर्य हें, कीं या वाद्यांची किंमत त्यांच्या वयानें ठरत नसून त्यांवर कोणीं काय वाजविलें यानें ठरत आली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या वादांत दोन गैरसमज नेहमीं शिरतात. ते आमच्याहि मनांत होते.

पहिला असा, कीं जुना म्हणजे ॲनालॉग आणि नवा म्हणजे डिजिटल. हें आतां खरें राहिलेलें नाहीं. कोर्ग कंपनीनें १९७८ सालचा आपला 'एमएस-२०' २०१३ सालीं थोड्या लहान आकारांत पुन्हां काढला, तो आंतून ॲनालॉगच आहे. मिनीमोग २०१६ सालीं पुन्हां निघाला. प्रॉफेट-५ ची नवी आवृत्ति २०२० सालीं खुद्द डेव्ह स्मिथ यांच्याच हातून बाहेर पडली. शिवाय चार स्वर एकदम वाजविणारीं लहान ॲनालॉग वाद्यें विद्यार्थ्यांच्या आवांक्यांत आलीं आहेत. दुसऱ्या बाजूस, जुन्या मंडलांचें वर्तन आंकड्यांनीं हुबेहूब वठविणारीं डिजिटल वाद्येंहि आहेत. उदाहरणार्थ, रोलंडच्या १९८४ सालच्या 'जुनो-१०६' ची डिजिटल प्रतिकृति त्याच कंपनीनें २०१५ सालीं काढली. म्हणजे निवड दोहोंत नसून तिहींत आहे: जुना ॲनालॉग, नवा ॲनालॉग, आणि जुन्याची नक्कल करणारा डिजिटल.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. जुन्या वाद्यांत मूळचा अस्सल आवाज मिळतो, असें म्हणतात. परंतु चाळीस वर्षांत त्यांतील भाग म्हातारे झालेले असतात. विद्युद्भार सांठविणारे कपॅसिटर सुकतात, इतर भागांचीं मापें थोडथोडीं सरकतात. आणि दोन समवयस्क वाद्यें शेजारीं ठेवलीं तर तीं जुळ्या भावंडांसारखीं न वाजतां चुलतभावंडांसारखीं वाजतात. आज जो आवाज आपण ऐकतों तो १९८३ सालचा नव्हेच; तो वार्धक्याचा आवाज होय. तो गोडहि असूं शकेल, पण 'मूळचा' या नांवाखालीं त्याची किंमत मोजणें योग्य नाहीं. शिवाय दुरुस्ती केली कीं तो पुन्हां बदलतो.

दुरुस्तीचा विषय निघाला आहे तर तो नीट पाहिला पाहिजे. कारण खरा खर्च तेथेंच आहे. जुन्या जर्मन सुरांची पेटी ज्यांच्या घरीं आहे त्यांस ठाऊक असेल, कीं एखादा सूर उतरला तर गांवांतील कारागीर पट्टी किंचित् खरवडून तो जागेवर आणतो. सिंथेसायझरच्या चिपेस खरवडतां येत नाहीं. वर सांगितलेल्या जुनो-१०६ मध्यें प्रत्येक स्वरासाठीं एक चिप आहे. तिच्यावरील राळेचा लेप कालांतरानें बाधतो व एकेक स्वर बसत जातो, ही गोष्ट सर्व दुरुस्ती करणाऱ्यांस परिचित आहे. बदली भाग मिळतात, पण ते परदेशाहून मागवावे लागतात. कोर्गच्या १९८१ सालच्या 'पॉलिसिक्स' मध्यें स्मरणशक्ति टिकविणारी बॅटरी पाझरून आंतील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते; तेव्हां असलें वाद्य घेण्यापूर्वीं तें उघडून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. जपानांत तेथल्या बाजारासाठीं बनलेलीं वाद्यें १०० व्होल्टवर चालतात; तीं आपल्याकडील २३० व्होल्टच्या खटक्यास सरळ लावलीं तर हौसेचा शेवट त्याच क्षणीं होईल. त्यांस दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. याशिवाय आपल्याकडील पावसाळा आहे. ओल व बुरशी यांनीं नॉबांचे स्पर्शबिंदु खराब होतात, आणि हात लावतांच आवाजांत खरखर उठते.

नवीं वाद्यें सर्वगुणसंपन्न आहेत असें मात्र नाहीं. त्यांतील भाग इतके बारीक व दाटीनें बसविलेले असतात कीं, हमीची मुदत संपल्यावर बिघाड झाला तर पुष्कळदां सबंध पट्टीच बदलावी लागते. जुन्या वाद्याचें तसें नसतें. जाणत्या माणसानें धीर धरला तर एकेक भाग काढून पाहतां येतो. पुन्हां, ज्या डिजिटल वाद्यांस संगणकावरील सहायक कार्यक्रमाची गरज लागते, त्यांचें आयुष्य त्या कार्यक्रमाच्या आयुष्याएवढेंच. आजचें नवें तेंहि एके दिवशीं जुनें होणार आहे, हें खरेदीच्या उत्साहांत आपण विसरतों.

इतकें वाचून व ऐकून झाल्यावर आम्हीं प्रत्यक्ष परीक्षा पाहण्याचें ठरविलें. मुंबईस ऑर्केस्ट्राच्या यंत्रांची पूर्वीं देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे वाद्य नेलें. त्यांनीं बॅटरी बदलली, वीजपुरवठ्याचे कपॅसिटर नवे घातले, नॉब स्वच्छ केले. आणि सहा स्वरांपैकीं चार बोलूं लागले. उरलेल्या दोहोंचे भाग परदेशाहून येतील तेव्हां पाहूं, असें सांगून त्यांनीं प्रांजळपणें हेंहि बजावलें, कीं आज चालते झालेले चार उद्यां चालतीलच याची हमी आपण देऊं शकत नाहीं. मुलाच्या एका मित्राकडून एक नवा ॲनालॉग सिंथेसायझर दोन दिवसांच्या बोलीनें आणला. दिवाणखान्याच्या दारास पडदा लावून मुलगा आंत बसला, आणि सारें घर बाहेर सतरंजीवर. तोच मुखडा दोन्हीं वाद्यांवर आळीपाळीनें वाजवावयाचा, व कोणता आवाज कोणाचा हें आम्हीं चिठ्ठीवर लिहावयाचें, असें ठरलें.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हां निम्मे बरोबर, निम्मे चूक. नाणें उडवून ठरविलें असतें तरी निकाल असाच लागता. पण सर्वांचें लक्ष बंधूंच्या चिठ्ठीकडे होतें. त्यांनीं नव्याला जुनें म्हटलें होतें. एकदां नव्हे, तीनहि वेळां.

क्षणभर कोणीं बोललें नाहीं. मग बंधूच हंसले व म्हणाले, "दादा, माझा आवाज मलाच ओळखतां आला नाहीं. तरी तुम्हांस वाटलें असतें कीं मीं नोकरी सोडली ती याच आवाजासाठीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर त्यांच्या ऑर्केस्ट्राचा एकहि कार्यक्रम आम्हीं कधीं ऐकला नव्हता. मांडव आमच्याच गल्लींत पडला त्या सालीं देखील आम्ही खिडकी लावून आंत बसलों होतों. बंधूंचें वाद्य समोर बसून ऐकण्याची ही आमची पहिलीच वेळ, आणि तेंहि पडद्याआडून, दुसऱ्याच्या हातचें.

सायंकाळीं पडदा काढल्यावर बंधु त्या जुन्या वाद्यापुढें जाऊन बसले. चष्मा शेजारच्या खोलींत राहिला होता. तरी त्यांचा हात नेमका हव्या त्या नॉबवर जाई. फिल्टर थोडा मिटवीत, पुन्हां उघडीत. मुका स्वर आला कीं बोट दुसऱ्या पट्टीवर नेऊन चार स्वरांतच जुळवून घेत. नातू शेजारीं उभा राहून पाहत होता. तो नंतर आम्हांस म्हणाला, "आजोबा, संगणकावर हीच गोष्ट मीं दोन वर्षें करतों आहें, पण फिल्टर म्हणजे काय तें मला आज कळलें." हें ऐकून जुन्याच्या पक्षास हर्ष झाला, परंतु न्यायानें सांगितलें पाहिजे, कीं एका कामास एक नॉब ही सोय मित्राच्या नव्या वाद्यांतहि होती. जें नव्हतें तें तो हात.

निर्णयाची वेळ आली तेव्हां आम्हीं भावजयीस विचारलें. कारण पहिला हक्क तिचाच होता. ती म्हणाली, "पाटल्या मीं वाजविण्यासाठीं दिल्या होत्या, माळ्यावर ठेवण्यासाठीं नव्हे. वाजणार असेल तर राहूं द्या. वाजणार नसेल तर विका. माझ्याकडे पाहून कांहीं ठरवूं नका."

आमच्या इतक्या दिवसांच्या वाचनांतून जो निष्कर्ष निघाला नाहीं तो या दोन वाक्यांत निघाला. वाचकांपैकीं कोणास असा प्रश्न पडला तर त्यांनीं आवाजाच्या वादांत फार शिरूं नये. पडद्याआडून जो भेद चाळीस वर्षांच्या वादकास कळला नाहीं, त्यासाठीं दुप्पट पैसे मोजण्याचें कारण नाहीं. त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे. पहिला, यावर रोज कोण बसणार? दुसरा, बिघडलें तर तें उघडणारा माणूस कोठें राहतो, व त्याचें वय काय? तिसरा, त्याच्या दुरुस्तीस लागणारी रक्कम खरेदीच्या दिवशींच बाजूला काढतां येईल काय? तिहींचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर जुनें वाद्य अवश्य घ्यावें. तें हातास शिकवितें, आणि आपल्या पश्चात् त्याचें मोलहि राहतें. एकाहि प्रश्नास उत्तर नसेल तर नवें घ्यावें. शिकणाऱ्यास मुख्यतः रोज चालू होणारें वाद्य हवें असतें. जें दर पावसाळ्यांत मुंबईस पाठवावें लागतें त्यावर रियाज होत नाहीं.

आमच्या घरीं शेवटीं असें ठरलें. मुलानें आपल्या सांठविलेल्या पैशांत बसेल असा लहानसा नवा ॲनालॉग सिंथेसायझर घ्यावा. चारच स्वरांचा असला तरी चालेल, कारण आजोबांचाहि सध्यां चारच स्वरांचा आहे. जुनें वाद्य पुढील गणेशोत्सवापर्यंत विकावयाचें नाहीं. तोंवर तें वाजत राहिलें तर परदेशाहून भाग मागवावे, व त्याचा खर्च आम्ही सोसावा. न वाजलें तर ज्याच्या घरीं वाजेल त्यास तें द्यावें. खर्चाचा भार आम्हीं आपण होऊन मागून घेतला. बंधूंनीं आधीं नको म्हटलें, मग कांहीं म्हटलें नाहीं.

हें लिहीत असतां खालच्या खोलींतून त्याच्याच वाजण्याचा आवाज येत आहे. सहांतील दोन पट्ट्या अजून मुक्याच आहेत, आणि ओळखीचें गाणें मध्येंच लंगडतें. आज आम्ही खिडकी उघडी ठेवली आहे.